मुडदूस : एक रूप, अनेक मुळे

बालाघाटाच्या डोंगररांगांनी विभागलेल्या बीड जिल्ह्याला पावसाने वारंवार दगा दिला असला, तरी सूर्याने तो कधीही दिलेला नाही. आष्टी-पाटोद्याच्या उघड्या माळापासून गेवराई-माजलगावच्या गोदाकाठापर्यंत वर्षाचे आठ-नऊ महिने लख्ख ऊन पडते, आणि कष्टकरी माणसाचे मूल चालायला लागण्यापूर्वीच त्या उन्हात वावरू लागते. सूर्यप्रकाशाच्या अभावी होणारा रोग अशी ज्याची ओळख आपण शालेय पुस्तकांतून करून घेतली, तो मुडदूस अशा मुलखातील मुलांच्या अंगी दिसावा, त्यांचे पाय फेंगडे व्हावेत, मनगटे रुंदावीत, टाळू वेळेवर भरू नये, ही गोष्ट विचारी माणसाला कोड्यात टाकणारी आहे. या कोड्याचा उलगडा दोन प्रकारे संभवतो. एक तर ऊन अंगणात असूनही मुलाच्या त्वचेपर्यंत पोहोचत नसेल, अथवा पोहोचूनही आहारातील उणीव ते भरून काढू शकत नसेल. किंवा मुळात समोर असलेला रोग त्या जातीचा नसून मूत्रपिंडाच्या वा जीवनसत्त्वाच्या चयापचयाच्या एखाद्या निराळ्याच बिघाडाने त्याचे रूप धारण केले असेल. या दोन शक्यतांमधील भेद ओळखणे हे वैद्याचे काम खरे. परंतु तो भेद असतो, आणि तो ओळखण्यासाठी लागणारी साधने फार दुर्लभ नाहीत, एवढे ज्ञान मुलाच्या आईबापांनाही असणे अगत्याचे आहे.

रोगाचा पूर्वेतिहास येथे थोडक्यात पाहिला पाहिजे, कारण आपले गैरसमज त्यातूनच आले आहेत. १६५० साली फ्रान्सिस ग्लिसन या इंग्रज वैद्याने मुडदुसावर सविस्तर ग्रंथ लिहिला. पुढे धुराने आच्छादलेल्या युरोपातील कारखानदार शहरांतून हा रोग घरोघर दिसू लागला. जपानात मिशनरी डॉक्टर म्हणून राहून आलेल्या थिओबाल्ड पाम यांनी १८९० साली देशोदेशींची माहिती गोळा करून असे प्रतिपादन केले की, जेथे अन्न निकृष्ट पण ऊन मुबलक आहे तेथे हा रोग नसतो आणि जेथे अन्न बरे पण ऊन दुर्मीळ आहे तेथे तो असतो. १९१९ साली एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांच्या पिलांवरील प्रयोगांतून माशाच्या तेलाचा गुण दाखविला, आणि त्याच वर्षी बर्लिनमध्ये कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी जंबुपार किरणांच्या दिव्याखाली मुलांची हाडे सुधारत असल्याचे क्ष-किरण छायाचित्रांनी सिद्ध केले. अन्न आणि ऊन हे दोन मार्ग एकाच द्रव्याकडे, म्हणजे ड जीवनसत्त्वाकडे, जातात, हे कळावयास त्यानंतर फार काळ लागला नाही.

या शोधमालिकेत महाराष्ट्राचाही एक अध्याय आहे, आणि तो बीडच्या वाचकाला विशेष उद्बोधक वाटेल. हचिसन आणि शहा यांनी नाशिक येथे केलेली मुडदुसाची पाहणी १९२२ साली प्रसिद्ध झाली. त्या काळच्या मुंबई इलाख्यातील त्या उन्हाच्या शहरात त्यांना मुडदूस आढळला तो मुख्यतः पडदा पाळणाऱ्या सुखवस्तू घरांतील स्त्रिया व मुले यांच्यामध्ये, जेथे दूधतूप होते परंतु बाळंतीण आणि बाळ महिनोन्महिने अंधाऱ्या खोलीत राहत. आणि शेतात राबणाऱ्या, कदान्न खाणाऱ्या गरिबांची मुले त्यापासून बहुतांशी मुक्त होती. आकाशातील ऊन आणि अंगावरील ऊन यांत अंतर असते, हा त्या पाहणीचा धडा शंभर वर्षांनंतरही जुना झालेला नाही. केंद्र शासनाने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या सर्वंकष राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात एक ते चार वर्षांच्या मुलांपैकी १४ टक्के, पाच ते नऊ वर्षांच्या मुलांपैकी १८ टक्के आणि दहा ते एकोणीस वर्षांच्या मुलामुलींपैकी २४ टक्के इतक्यांत ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. मूल जसजसे पाळण्यातून अंगणात आणि अंगणातून वर्गाच्या चार भिंतींत जाते, तसतसे हे प्रमाण वाढत गेले आहे.

आता हाड घडते कसे, हे समजल्यावाचून पुढील भेद समजणार नाहीत. वाढत्या हाडाच्या टोकाशी कूर्चेचा एक पातळ थर असतो. त्या थरात कॅल्शियम आणि फॉस्फेट, म्हणजे चुना आणि स्फुरद, बसत गेल्यानेच मऊ कूर्चेचे टणक हाड होते. या दोन द्रव्यांचा देहातील व्यवहार एखाद्या जुन्या संस्थानाच्या जमाखर्चासारखा चालतो. आतडे वसुली करते, हाड हा खजिना होय, रक्त ही रोजची शिल्लक, आणि मूत्रपिंड हे खर्चाचे खाते. आणि या साऱ्यांवर गळ्यातील परावटु ग्रंथींची करडी नजर असते. ड जीवनसत्त्व हा वसुलीचा हुकूमनामा म्हणावा, परंतु तो त्वचेत लिहिला गेला तरी लगेच अमलात येत नाही. त्यावर पहिला शिक्का यकृतात बसतो आणि दुसरा, निर्णायक शिक्का मूत्रपिंडात. हा दुसरा शिक्का मूत्रपिंडात बसतो ही गोष्ट फ्रेझर आणि कोडिसेक यांनी १९७० साली दाखविली, आणि मूत्रपिंडाच्या रोगात मुडदूस का होतो या जुन्या प्रश्नाचे एक मोठे उत्तर त्यातून मिळाले. रक्तातील कॅल्शियम उतरू लागले की परावटु ग्रंथींचा स्राव वाढतो; तो हाडातून कॅल्शियम सोडवून आणतो, पण त्याच वेळी मूत्रपिंडावाटे फॉस्फेट बाहेर घालवितो. म्हणून आरंभ कॅल्शियमच्या तुटीपासून झाला तरी अखेर तूट येते ती फॉस्फेटची, आणि कूर्चेचे हाड होणे थांबते ते मुख्यतः या तुटीपायी. मुडदुसाच्या बहुतेक सर्व जाती याच एका बिंदूवर येऊन मिळतात, आणि म्हणूनच बाहेरून त्या सारख्या दिसतात.

सर्वांत अधिक आढळणारी जात ही पोषणाच्या उणिवेची. निव्वळ अंगावर पिणारे, काळजीपोटी झाकून ठेवलेले तान्हे बाळ हे तिचे नेहमीचे भक्ष्य, कारण आईच्या दुधात ड जीवनसत्त्व अत्यल्प असते आणि आईच्याच शरीरात ते कमी असेल तर बाळाची पुंजी जन्मतःच तुटपुंजी राहते. परंतु हिची एक दुसरी बाजू आहे, जिच्याकडे आपले लक्ष उशिरा गेले. आफ्रिकेतील नायजेरियासारख्या उन्हाच्या देशात मुडदूस झालेल्या मुलांना नुसत्या ड जीवनसत्त्वाने आला त्याहून अधिक गुण कॅल्शियमने आला, असे १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसून आले. त्या मुलांना ऊन पुष्कळ मिळत होते, दूध मात्र मिळत नव्हते. दसऱ्यानंतर कोयता घेऊन सांगली-कोल्हापूरकडे वा कर्नाटकात जाणाऱ्या ऊसतोड कुटुंबाचे मूल डोळ्यांपुढे आणले म्हणजे या निष्कर्षाचा अर्थ आपल्याकडे काय होतो ते सांगावे लागत नाही. फडाच्या बांधावर त्याला ऊन हवे तितके असते. परंतु कोपीतील चुलीवर भाजलेली भाकरी आणि तिच्याबरोबरचे कोरड्यास यांत कॅल्शियम थोडे, आणि ज्वारी-बाजरीतील फायटेट नावाचे द्रव्य त्या थोड्यालाही बांधून ठेवते. ज्यांना दूध परवडत नाही त्यांच्यासाठी नाचणी आणि तीळ ही कॅल्शियमची चांगली साधने आहेत, आणि ती दोन्ही आपल्या ओळखीची आहेत.

या जातीच्या मुडदुसाचा गुण असा की तो उपचाराला दाद देतो. जागतिक तज्ज्ञांच्या २०१६ सालच्या सहमतीनुसार वर्षाच्या आतील बाळाला रोज २,००० युनिट, आणि एक ते बारा वर्षांच्या मुलाला रोज ३,००० ते ६,००० युनिट ड जीवनसत्त्व निदान तीन महिने द्यावयाचे, आणि त्याबरोबर आहारातून किंवा औषधाने रोज ५०० मिलिग्रॅम कॅल्शियम. तीन-चार आठवड्यांत मनगटाच्या एक्स-रेमध्ये हाडाच्या टोकाशी नव्या चुन्याची पांढरी रेषा उमटू लागते. ही रेषा न उमटणे, याचाच अर्थ निदान पुन्हा तपासण्याची वेळ आली. दुर्दैवाने आपल्याकडे अशा वेळी निदान तपासण्याऐवजी मात्रा वाढविण्याचा शिरस्ता पडला आहे. सहा लाख युनिटांचे इंजेक्शन एकदा, मग पुन्हा, मग तिसऱ्यांदा निराळ्या दवाखान्यात, आणि पहिल्या दोहोंचा कागद कोणाजवळच नाही, असे घडते. ड जीवनसत्त्व देहात साठून राहणारे आहे. त्याचा अतिरेक झाला म्हणजे रक्तातील कॅल्शियम वाढून मुलाला उलट्या होतात, भूक मरते, बद्धकोष्ठ होते, आणि मूत्रपिंडात चुना साठून कायमचे नुकसान होते. जे मूत्रपिंड मुळातच आजारी होते, त्याच्यावर हा दुसरा आघात.

दाद न देणाऱ्या मुडदुसाचे पहिले कुळ मूत्रपिंडाच्या सूक्ष्म नलिकांचे. १९३७ साली बोस्टनच्या फुलर ऑल्ब्राइट यांनी नेहमीच्या मात्रांना न जुमानणाऱ्या मुडदुसाचे वर्णन केले. आज आपण जाणतो की त्यातील प्रमुख जातीत मूत्रपिंडाची गाळण्याची शक्ती शाबूत असते. परंतु एका जनुकदोषामुळे एफजीएफ-२३ या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि ते नलिकांकडून फॉस्फेट मूत्रात सांडवते. सुमारे वीस हजारांत एका मुलाला हा विकार होतो. मूल एरवी धडधाकट दिसते; चालू लागल्यावर पाय वाकतात, उंची खुंटते, आणि न किडलेल्या दातांच्या मुळाशीही गळू होतात. हा विकार क्ष गुणसूत्रावरून उतरत असल्याने बाधित पित्याच्या सर्व मुलींत तो येतो आणि मुलग्यांत कधीच येत नाही; बाधित मातेच्या मुलामुलींत मात्र निम्म्यांना त्याचा संभव असतो. ‘आमच्या घराण्यात सगळ्यांची ठेवण अशीच’ हे वाक्य म्हणूनच वैद्याने कौतुकाने नव्हे, तर सावध होऊन ऐकावयाचे असते. फॉस्फेटची क्षारमिश्रणे दिवसातून अनेकदा आणि त्याबरोबर सक्रिय स्वरूपातील ड जीवनसत्त्व हा त्यावरील प्रस्थापित उपचार आहे. २०१८ साली अमेरिका व युरोपात मान्यता पावलेले बुरोसुमॅब हे मूळ संप्रेरकालाच आवरणारे औषध गुणकारी असले तरी सामान्य कुटुंबाच्या आवाक्यापलीकडचे आहे.

याच कुळातील दुसरा विकार म्हणजे नलिकाजन्य आम्लता. येथे मूत्रपिंडाला देहातील आम्ल बाहेर टाकता येत नाही, आणि त्या आम्लाचे शमन करता करता हाड झिजते. मूल वजन धरीत नाही, उलट्या करते, रात्रीतून अनेकदा लघवीला उठते आणि सारखे पाणी मागते; पोटॅशियम उतरले म्हणजे एखाद्या सकाळी त्याला हातपाय उचलवत नाहीत. यांपैकी एक जरी लक्षण फेंगड्या पायांच्या सोबतीला असेल तर तो साधा मुडदूस मानू नये. या विकाराची विशेष खंत अशी की त्याचा उपचार स्वस्त आहे. सोडा बायकार्बोनेट किंवा सायट्रेटची नियमित मात्रा मिळताच हाडे भरू लागतात आणि खुंटलेले मूल वाढू लागते, परंतु निदानच न झाल्याने वर्षे वाया जातात. फॅन्कोनी यांच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या विकारसमूहात तर नलिका फॉस्फेट, बायकार्बोनेट, साखर, अमायनो आम्ले असे सर्वच काही गमावतात. रक्तातील साखर नेहमीची असून मूत्रात ती सापडणे ही त्याची खूण, आणि सिस्टिनोसिस वा विल्सनचा रोग अशी मूळ कारणे त्यामागे शोधावी लागतात.

या सर्वांहून भिन्न असा प्रकार म्हणजे संपूर्ण मूत्रपिंडच निकामी होत गेल्याने होणारा अस्थिविकार. जन्मतः मूत्रमार्गात पडदा असलेल्या मुलग्यांत तो पुष्कळदा आढळतो. लघवीची धार बारीक असते, थेंबथेंब गळते, आणि याकडे घरच्यांचे लक्ष गेलेले नसते. मूल फिकट, खुरटे दिसते. येथे मूत्रपिंडाला फॉस्फेट बाहेर टाकता येत नसल्याने रक्तात ते कमी न होता वाढते, क्रिएटिनिन चढते, आणि ड जीवनसत्त्वावरील दुसरा संस्कार होत नाही. मुडदुसाच्या इतर जातींत फॉस्फेट उतरलेले आणि येथे चढलेले, हा एकच भेद लक्षात ठेवला तरी एक मोठी चूक टळते.

दुसरे कुळ ड जीवनसत्त्वाच्या चयापचयाचे. त्यातील एका जातीत मूत्रपिंडात तो दुसरा शिक्का मारणारे विकरच जन्मतः सदोष असते. पुरेसे ऊन आणि औषध मिळूनही जीवनसत्त्व सक्रिय होत नाही, आणि पहिल्या वर्षातच कॅल्शियम उतरून बाळाला आकडी येते. सक्रिय जीवनसत्त्वाची अल्प मात्रा त्याला पुरते, पण ती आयुष्यभर घ्यावी लागते. दुसऱ्या जातीत जीवनसत्त्व सक्रिय होते, परंतु पेशी त्याचा हुकूम मानीत नाहीत. अशा पुष्कळ मुलांच्या डोक्यावर आणि भुवयांवर केस नसतात, आणि हे चिन्ह पाहताच जाणता वैद्य रोगाचे नाव घेतो. दोन्ही जाती मातापित्यांकडून एकेक सदोष जनुक आल्यानेच प्रकट होतात. आते-मामे भावंडांच्या विवाहाची चाल मराठवाड्यात रूढ असल्याने, ‘तुम्हा दोघांचे लग्नापूर्वीचे नाते काय?’ हा प्रश्न विचारावाच लागतो, आणि त्याचे उत्तर संकोच न करता द्यावे.

एक तिसरी शक्यता पाण्यातून येते. बीड जिल्ह्याच्या काही भागांत विंधनविहिरींच्या पाण्यात फ्लोराइडचे प्रमाण मर्यादेबाहेर जाते. ही मर्यादा, दुसरा स्रोत नसेल तेव्हा, लिटरला १.५ मिलिग्रॅम धरली जाते. आंध्रातील फ्लोराइडग्रस्त गावांत गुडघ्याला गुडघा लागलेली मुले मोठ्या संख्येने आढळल्याचे कृष्णमाचारी व कृष्णस्वामी यांनी १९७३ साली नोंदविले. आहारात कॅल्शियम कमी असले की फ्लोराइडचा हा उपद्रव बळावतो. दातांवर पिवळट-तपकिरी पट्टे, गावातील अनेक मुलांत तीच तक्रार, आणि वडीलधाऱ्यांची ताठलेली पाठ असा पुरावा जुळला, तर तपासणी मुलाची आणि पाण्याचीही करावयास हवी. आणि अखेर हेही सांगितले पाहिजे की दोन वर्षांपर्यंत मुलाचे पाय किंचित बाहेर वाकलेले असणे आणि तीन-चार वर्षांचे असताना गुडघे जवळ येणे हा वाढीचा स्वाभाविक क्रम आहे. दोन्ही पाय सारखे असतील, उंची वाढत असेल आणि मनगटे रुंद नसतील, तर औषध नव्हे, धीर हवा.

हे सारे भेद ओळखण्यासाठी लागते काय? मनगट व गुडघा यांचे एक्स-रे. रक्तातील कॅल्शियम, फॉस्फेट, अल्कलाइन फॉस्फेटेज, क्रिएटिनिन, बायकार्बोनेट व पोटॅशियम. आणि लघवीची साधी परीक्षा. ड जीवनसत्त्वाची पातळी आणि परावटु संप्रेरक यांची पुढची पायरी शक्य तेथे चढावी. १२ नॅनोग्रॅमहून कमी ड जीवनसत्त्व आणि चढलेले परावटु संप्रेरक पोषणाच्या मुडदुसाकडे बोट दाखवितात. जीवनसत्त्व व कॅल्शियम ठीक आणि एकटे फॉस्फेट खाली असेल तर नलिकांकडे पाहावे. अल्कलाइन फॉस्फेटेज चढण्याऐवजी उतरलेले असेल तर हायपोफॉस्फेटेशिया हा दुर्मीळ विकार आठवावा. मात्र येथे एक सापळा आहे. पुष्कळ प्रयोगशाळांच्या छापील कागदावर प्रौढांची प्रमाणे असतात. प्रौढाचे फॉस्फेट २.५ ते ४.५ मिलिग्रॅम चालते, लहान मुलाचे सुमारे ४ ते ६.५ असावे लागते. तेव्हा ३ हा आकडा त्या कागदावर निर्दोष ठरतो आणि रोग निसटतो. उलट अल्कलाइन फॉस्फेटेज वाढत्या मुलात प्रौढाच्या दुप्पट-तिप्पट असणे स्वाभाविक असल्याने निरोगी मूल त्याच कागदावर रोगी ठरते.

शासनाची एक सोय येथे उपयोगी पडणारी आहे. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात अंगणवाडीतील मुलांची वर्षातून दोनदा आणि शाळेतील मुलांची एकदा तपासणी व्हावयाची असते, आणि त्या पथकाच्या यादीत मुडदुसाचा उल्लेख आहे. पुढील तपासासाठी जिल्हा रुग्णालय आहे, आणि हैदराबाद मुक्तिलढ्याच्या नेत्याचे नाव धारण करणारे अंबाजोगाईचे स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. अडचण उरते ती कालगणनेची. उपचार तीन महिन्यांचा, आणि भाद्रपदात सुरू केलेल्या उपचाराची फेरतपासणी ज्या वेळी व्हावयाची, त्या वेळी मुकादमाची उचल घेतलेले कुटुंब परमुलखातील फडावर असते. गुण आला की नाही हे पाहणारा कोणी उरत नाही, आणि पुढच्या पावसाळ्यात सगळे पहिल्यापासून सुरू होते. यावर तोडगा असा की मुलाचा दस्तऐवज मुलाबरोबर जावा: पहिला एक्स-रे, रक्ताचे आकडे, कोणते औषध किती युनिट व कोणत्या तारखेला दिले याची नोंद. तो कागद हाती असेल तर कारखान्याच्या गावचा डॉक्टरही दुसरा एक्स-रे त्याच्याशी ताडून पाहू शकतो, आणि दुसरे इंजेक्शन टोचण्यापूर्वी थांबू शकतो. आईबापांनी त्याला एवढेच विचारावे: फॉस्फेट मोजले काय, आणि ते मुलाच्या वयाच्या प्रमाणाशी ताडले काय? या प्रश्नाला उत्तर मिळाले की मुडदूस कोठल्या कुळातला याचा अर्धा निकाल तेथेच लागतो.